पातळी आणि भार : नंदुरबारच्या जमिनीचं आकाशातून मोजमाप

पावसाळा संपतो तेव्हा नंदुरबार जिल्ह्याची जमीन मे महिन्यातल्या तिच्या जागेपेक्षा काही मिलिमीटर खाली गेलेली असते. चार महिन्यांत पडलेलं पाणी मातीत मुरतं, विहिरींत चढतं, तापीवरच्या प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमागे तुंबतं, उत्तरेला नर्मदेच्या जलाशयात साठतं. त्या सगळ्याचा भार पडतो आणि पृथ्वीचं कवच त्या मानानं वाकतं. पुढच्या आठ महिन्यांत पाणी वाहून, उपसून, वाफ होऊन निघून जातं आणि जमीन पुन्हा वर येते. मोसमी पावसाच्या साऱ्या प्रदेशात हे दरवर्षी घडतं. आपल्या पायांना त्यातलं काही कळत नाही. उपग्रहांना मात्र जमिनीचं हे उतरणं कळतं, आणि त्याच पाण्यामुळे गुरुत्वाकर्षणात पडलेला फरकही कळतो. या पुस्तकाचा विषय ही मोजणी आहे.

विषय साऱ्या पृथ्वीचा आहे, मग तो नंदुरबारपासून का सुरू करायचा, असं कुणी विचारील. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, सातपुड्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा जिल्हा. इथल्या माणसांना ‘उंची मोजणं’ ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. नर्मदा पाणीतंटा लवादानं १९७९ साली सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरवली, आणि अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्या आकड्याच्या सावलीत आली. मणिबेली हे त्यांतलं पहिलं. पाणी नक्की कुठपर्यंत चढेल, कुणाचं घर बुडितात आणि कुणाचं बाहेर, कुणाचं शेत कागदावर कोरडं आणि प्रत्यक्षात पाण्यानं वेढलेलं, यावर नर्मदाकाठी वर्षानुवर्षं वाद चालला, आंदोलन उभं राहिलं, खटले झाले. डोंगराच्या उतारावर डोळ्यांना न दिसणारी एक आडवी रेषा, आणि तिच्यावरून माणसांचं आयुष्य दोन भागांत वाटलं गेलं.

ती रेषा गुरुत्वाकर्षणाची रेषा आहे. १३८.६८ मीटर म्हणजे समुद्रसपाटीपासून तेवढं उंच. पण नंदुरबारला समुद्र नाही. मग इथली ‘समुद्रसपाटी’ कुठे असते? भारतात उंची मोजण्याचा पाया १९०९ साली पक्का झाला, तो नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर. मुंबईचं अपोलो बंदर त्यांतलं एक. तिथून पाणसळ लावत, टप्प्याटप्प्यानं, सर्वेक्षकांनी ती पातळी देशाच्या आत नेली. पाणसळीतला बुडबुडा स्थिर होतो तो गुरुत्वाच्या दिशेला काटकोन साधून. समुद्राचं पाणी कालव्यांतून जमिनीखाली शिरून कुठेही न वाहता शांत थांबलं असतं, तर ते ज्या पृष्ठावर थांबलं असतं त्याला शास्त्रज्ञ भूसमपातळी किंवा जिऑइड म्हणतात. खाली जड खडक असेल तिथे हे पृष्ठ फुगतं, वस्तुमान कमी असेल तिथे खचतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ते शंभर मीटरांहून जास्त खचलेलं आहे. पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा खड्डा, आणि आपला देश त्याच्याच उतारावर आहे.

उपग्रहावरून मोजलेली उंची याहून वेगळी असते. जीपीएस मोजतं ते पृथ्वीच्या गुळगुळीत, गणितानं आखलेल्या लंबगोलापासूनचं अंतर. नंदुरबारच्या परिसरात भूसमपातळी या लंबगोलाच्या सुमारे ६० मीटर खाली आहे. म्हणून बुडीतरेषेवर उभं राहून कुणी दुरुस्ती न केलेली उपग्रही उंची वाचली, तर १३८च्या जागी ७८च्या आसपासचा आकडा दिसेल. दोन्ही आकडे खरे, पण पाणी कुठे थांबेल हे पहिलाच सांगतो, कारण पाणी गुरुत्वाचं ऐकतं. दोहोंमधला दुवा म्हणजे गुरुत्वक्षेत्राचा नकाशा. तो जितका अचूक, तितकी उपग्रहावरून काढलेली उंची भरवशाची. २१४ किलोमीटर लांबीच्या जलाशयाचं शांत पाणी आपल्याला सपाट दिसतं खरं. लंबगोलापासून मोजलं तर त्यालाही चढउतार आहेत. ज्यांची गावं अशा रेषांनी उठतात, त्यांना या रेषा कशा काढतात हे समजून घेण्याचा पहिला हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं. हे पुस्तक मराठीत असण्यामागचं मुख्य कारण तेच.

गुरुत्वामुळे मोजणी फसते हे पहिल्यांदा ठळकपणे कळलं तेही याच देशात. विल्यम लॅम्बटननं सुरू केलेली भारताची त्रिकोणमितीय मोजणी ७८ अंश रेखांशाला धरून दक्षिणेकडून वर सरकत होती. लॅम्बटन १८२३च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर जमिनीवरच्या त्रिकोणांनी एक निघालं, ताऱ्यांच्या वेधांनी दुसरं. फरक पाच विकलांचा, जमिनीवर दीडशे मीटरांहून जास्त. वेध घेताना यंत्र उभं करायचं ते ओळंब्याच्या आधारानं, आणि हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत होतं. कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन प्रॅट यानं १८५५मध्ये ही ओढ गणितानं काढली. ती निघाली पंधरा विकलांहून जास्त, प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट. म्हणजे हिमालय दिसतो तेवढा ओढत नव्हता. त्याच वर्षी जॉर्ज एअरीनं उत्तर सुचवलं : पर्वतांना हलक्या खडकाची खोल मुळं असतात, वरच्या डोंगराचं वजन खालच्या उणिवेनं भरून निघतं. पर्वत तरंगतात ही कल्पना जगाला मिळाली ती ओळंब्याच्या पाच विकलांमधून.

सातपुडा या बाबतीत हिमालयासारखा वागत नाही. त्याच्या पट्ट्यात गुरुत्व अपेक्षेपेक्षा जास्त भरतं, आणि भूभौतिकीच्या लेखनात ‘सातपुड्याचा गुरुत्व-उंचवटा’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. खाली जड, लाव्हाच्या कुळातला खडक कवचात घुसून बसला असावा, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या जुन्या प्रस्तरभंगांच्या कडेनं पश्चिमेला वाहतात आणि मधला ठोकळा उचललेला आहे. १४ मार्च १९३८ रोजी याच सातपुड्याच्या पट्ट्यात ६च्या वर तीव्रतेचा भूकंप झाला होता. शहादा तालुक्यात उनपदेवला गरम पाणी वर येतं, त्याचंही नातं या भेगांशी आहे. तोरणमाळच्या पठारावर उभं राहून दक्षिणेला तापीचं खोरं पाहताना हा सगळा उतार नजरेत मावतो. त्याखालचं वजन मात्र यंत्रालाच विचारावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात हे यंत्र म्हणजे लंबक होतं, नंतर गुरुत्वमापी आला. दोन्ही त्या त्या जागी नेऊन ठेवावे लागत. १९५७नंतर मानवनिर्मित उपग्रह फिरू लागले तेव्हा त्यांच्या कक्षांच्या डुलण्यावरून पृथ्वीचा आकार वाचता येऊ लागला. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. हा २१ किलोमीटरांचा फुगवटा उपग्रहाच्या कक्षेला सतत वळवत राहतो. १९७६मध्ये सोडलेला लॅजिओस हा आरशांनी मढवलेला गोळा आजही लेसरच्या झोतांनी मोजला जातो, आणि फुगवटा वर्षागणिक किंचित बदलतो हे अशाच मोजणीतून कळलं.

खरी क्रांती १७ मार्च २००२ रोजी झाली. अमेरिका आणि जर्मनी यांनी मिळून प्लेसेत्स्कहून ग्रेस नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर, एकामागे एक, मध्ये २२० किलोमीटर अंतर ठेवून ते फिरत. त्यांत पृथ्वीकडे पाहणारा कॅमेराच नव्हता. सूक्ष्मलहरींनी ते सतत एकच गोष्ट मोजत : आपल्या दोघांतलं अंतर, आणि तेही मायक्रॉनच्या घरात. समोर जड प्रदेश आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि अंतर वाढे. मग मागचा त्या ओढीत येई आणि अंतर कमी होई. वातावरणाचा विरळ अडथळा वेगळा मोजून वजा केला जाई. दिवसाला पंधराएक फेऱ्या, आणि महिन्याभराच्या फेऱ्यांतून साऱ्या पृथ्वीच्या गुरुत्वाचा एक नकाशा. या महिन्याच्या नकाशातून गेल्या महिन्याचा वजा केला की उरतं ते मधल्या काळात हललेलं वस्तुमान. डोंगर महिन्याभरात हलत नाहीत. हवा आणि समुद्र यांचा हिशेब वेगळा करता येतो. जमिनीवर उरतं ते बहुतेक पाणी : बर्फ, नदी, ओल, आणि खडकातलं अदृश्य पाणी. महासागराचं पाणी वाढतं किती आणि ग्रीनलंडचा बर्फ वितळतो किती, हे आज जग ज्या खात्रीनं सांगतं त्यात या जोडीचा मोठा वाटा आहे.

भारताला या जोडीनं फार अस्वस्थ करणारी गोष्ट सांगितली. मॅथ्यू रॉडेल आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये नेचर नियतकालिकात दाखवलं, की ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा यांच्या पट्ट्यातून १०९ घनकिलोमीटर भूजल कमी झालं. सरदार सरोवर काठोकाठ भरलं तर त्यात साडेनऊ घनकिलोमीटर पाणी मावतं. म्हणजे सहा वर्षांत अकराहून जास्त सरदार सरोवरं जमिनीखालून उपसली गेली आणि परत भरली नाहीत. विरेंद्र तिवारी यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या त्याच वर्षीच्या अभ्यासात उत्तर भारताच्या अधिक मोठ्या पट्ट्यासाठी दरसाल ५४ घनकिलोमीटरची घट निघाली. तिवारी तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत होते. २०२३मध्ये आणखी एक अभ्यास आला : १९९३ ते २०१० या काळात जगभर उपसलेल्या भूजलामुळे पृथ्वीचा भ्रमणध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर सरकला, आणि त्यात वायव्य भारताच्या उपशाचा परिणाम ठळक आहे. शेतातल्या मोटारी चालू-बंद होतात आणि पृथ्वीचा आस त्यांची दखल घेतो.

मग नंदुरबारच्या विहिरींचं काय? हा प्रश्न ग्रेसला थेट विचारता येत नाही. उपग्रह ५०० किलोमीटर उंचावर असतात, त्यामुळे साधारण ३०० किलोमीटरांहून लहान प्रदेश त्यांना वेगळा ओळखू येत नाही. नंदुरबार जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,९५५ चौरस किलोमीटर. ३०० किलोमीटर बाजूच्या चौकोनात असे पंधरा जिल्हे बसतात. त्या चौकोनात सुरत येतं, धुळे येतं, बडवानी येतं, जळगावचा मोठा भाग येतो. नंदुरबारच्या बाजारात मिरचीनं भरलेला अख्खा ट्रॅक्टर काट्यावर उभा करून त्यातल्या एका पोत्याचं वजन विचारावं, तसा हा प्रश्न आहे. जिल्ह्यापुरता रंगवलेला ग्रेसचा नकाशा कुणी दाखवला, तर त्या रंगांवर विसंबून गावाचं धोरण ठरवू नये, हे मी इथे स्पष्टपणे लिहितो, कारण असे नकाशे हल्ली सहज बनवता येतात आणि फार खात्रीचे दिसतात.

याचा अर्थ ग्रेस इथे निरुपयोगी आहे असा नाही. पाण्याच्या हिशेबात त्याचा आकडा एकूण बेरजेचा असतो. जिल्ह्यावर सरासरी ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला पावणेपाच घनकिलोमीटर पाणी पडतं, म्हणजे सुमारे ४७६ कोटी टन. हा ढोबळ हिशेब. नवापूर आणि अक्राणीकडे पाऊस जास्त, शहादा-नंदुरबारच्या सपाटीला कमी. शेजारी सरदार सरोवर भरलं की ९५० कोटी टन. पश्चिमेला १९७२मध्ये पूर्ण झालेलं उकाई, त्यात सात घनकिलोमीटरांहून जास्त. नुसतं सरदार सरोवराचं पाणी ३०० किलोमीटरांच्या चौकोनावर पसरलं तर दहा सेंटिमीटरांचा थर होतो, आणि एवढा थर ग्रेसच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून खानदेशाच्या भूजलाविषयी उपग्रहावरून काही म्हणायचं असेल तर आधी ही दोन धरणं महिनावार वजा करावी लागतात. ते न करता २०१९च्या आकड्यांकडे पाहिलं तर सातपुड्याच्या खडकात एकाएकी भरपूर पाणी आलं असं वाटेल. खरं तर त्या सप्टेंबरमध्ये सरदार सरोवर धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरांपर्यंत भरलं होतं. धरणाचे दरवाजे बंद करायची परवानगी जून २०१७मध्ये मिळाली, आणि त्याच सुमाराला ग्रेसच्या उपयोगी नोंदी थांबल्या. ग्रेस-फॉलोऑन ही पुढची जोडी २२ मे २०१८ रोजी वर गेली. मधल्या वर्षाच्या खाड्यात या जलाशयाच्या वजनाचा एक महत्त्वाचा टप्पा निसटला.

जिल्ह्याचं भूजल समजायचं तर खडकाजवळ यावं लागतं. बहुतेक जिल्हा काळ्या पाषाणाचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा. या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या मुरमात राहतं. त्याच्या एकूण आकारमानाच्या दोनेक टक्केच पाणी उपसून मिळतं. भर म्हणून इथे डाइक आहेत : उभ्या भेगांत लाव्हा गोठून झालेल्या भिंती, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या. मुंबईच्या आयआयटीतल्या हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा दोनशेहून जास्त डाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतला सर्वांत लांब ७९ किलोमीटरांचा आहे. कुठे ही भिंत जमिनीखालचं पाणी अडवते, कुठे तिच्याच तड्यांतून पाणी वाहतं. त्यामुळे एका बांधावरची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, हे इथे घडू शकतं. पाणाड्याला विचारणारा शेतकरी खुळा नसतो. त्याच्यापुढचा प्रश्नच इतका गावनिहाय, बांधनिहाय असतो.

जमिनीवरचा गुरुत्वमापी इथे कितपत चालेल याचा हिशेब सोपा आहे आणि बोलका आहे. गुरुत्वाच्या फरकाचं बारीक माप म्हणजे मायक्रोगॅल. एकूण गुरुत्व सुमारे ९८ कोटी मायक्रोगॅल. विस्तीर्ण जमिनीखाली एक मीटर जाडीचा शुद्ध पाण्याचा थर वाढला तर गुरुत्व ४२ मायक्रोगॅलनी वाढतं. बेसाल्टमध्ये विहिरीची पातळी दहा मीटर उतरली तर खरं पाणी गेलेलं असतं वीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम आठ मायक्रोगॅल. उत्तम यंत्र एक-दोन मायक्रोगॅल पकडतं, पण यंत्राखालची जमीन तीन मिलिमीटर वर उचलली गेली तरी एक मायक्रोगॅल कमी होतो. तापीच्या उत्तर काठाला, शहादा-तळोद्याकडे, नदीनं आणि डोंगरांतून उतरलेल्या ओढ्यांनी आणलेल्या गाळाचा पट्टा आहे. ऊस, केळी, पपईचा हा प्रदेश. गाळात पाणी धरण्याची ताकद कितीतरी जास्त. तिथे दहा टक्के धरले तर तेवढ्याच उतारानं ४२ मायक्रोगॅलचा फरक पडेल, आणि तो स्पष्ट मोजता येईल. दोन्ही विहिरींत दोर सारखाच सोडावा लागला तरी एकीखालून गेलेलं पाणी दुसरीच्या पाचपट असू शकतं, हे गुरुत्व सांगतं. टेप सांगत नाही.

गाळाच्या पट्ट्यासाठी आता दुसरं साधनही आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह निघाला. तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो आणि रडारच्या लहरींच्या टप्प्यांची तुलना करून जमीन मधल्या काळात किती सरकली ते सेंटिमीटरांहूनही बारीक सांगू शकतो. त्याच्या दोन तरंगलांबींपैकी मोठी २४ सेंटिमीटरांची आहे. ती झाडीतून, उभ्या पिकातून खाली पोचते, म्हणून सातपुड्याच्या रानासाठी आणि केळीच्या बागांसाठी तीच उपयोगी. बेसाल्ट दाबला जात नाही, पण गाळातले चिकणमातीचे थर पाणी गेल्यावर आवळतात आणि पुष्कळदा पुन्हा पूर्वीइतके फुगत नाहीत. जमीन कायमची बसली तर पाणी साठवायची जागाही कायमची जाते. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात हे घडतं आहे की नाही, हे इथल्या नोंदी काही वर्षं साठल्यावर नीट तपासता येईल. धडगावच्या घाटांतल्या सरकत्या उतारांवर लक्ष ठेवण्यालाही हाच उपग्रह कामाचा.

निसारला हालचाल दिसते, वजन दिसत नाही. ग्रेसला वजन दिसतं, गाव दिसत नाही. विहिरीत सोडलेल्या टेपला गाव दिसतं, पण खडकात किती पाणी होतं ते कळत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर. उपग्रहांच्या कित्येक अभ्यासांची खातरजमा शेवटी अशाच नोंदींवर होते. त्यामुळे पुस्तकात मी अंतराळाइतकीच जागा विहिरीला दिली आहे, आणि ती कमी करावी असं मला कुठेच वाटलं नाही.

गणित शक्य तितकं वेगळ्या प्रकरणांत ठेवलं आहे. ते गाळून वाचलं तरी विषय तुटत नाही. मात्र वजाबाकीचं प्रकरण, म्हणजे एकूण पाण्यातून धरण, ओल आणि नदी काढून भूजल कसं उरवायचं ते, कुणी गाळू नये. शाळेतल्या शिक्षकांसाठी एक काम सुचवलं आहे. गावातली उपसा नसलेली एक विहीर निवडावी, कठड्यावर रंगानं कायमची खूण करावी, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सकाळी त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजावं आणि तारखेसह वहीत लिहावं. विहीर मुरमात आहे, पाषाणात की गाळात, हे पहिल्याच पानावर नोंदवावं. ते नसेल तर पुढचे सगळे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.